पान २७ वरचं भरीत : एका स्मरणिका-सेवेचं परीक्षण

पान २७ वर वांगं कसं निवडायचं ते आहे. बामणोदकडचं हिरवट-पांढरं, लांबोडकं वांगं. देठ हिरवागार, साल ताठ, आणि आकाराच्या मानाने हाताला हलकं. जड लागलं की आतलं बी जून झालेलं असतं, भरीत दाताखाली कचकचतं. पुढे भाजायचं कसं, बडगीत म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात किती ठेचायचं, मिरची कुठली घ्यायची, असं सव्वादोन पानं चालतं. पण हे पाककृतींचं पुस्तक नाही. जळगावात भरीत-पुरीचं हॉटेल चालवणाऱ्या एका गृहस्थांच्या वर्षश्राद्धाला वाटलेली ही ८० पानी स्मरणिका आहे. त्यांना सगळे अप्पाच म्हणायचे. घरच्यांच्या इच्छेप्रमाणे पूर्ण नाव इथे दिलेलं नाही. ज्या छापखान्याने मुलाखतींपासून बांधणीपर्यंत सगळं काम केलं त्याचंही नाव घेतलेलं नाही, कारण चांगल्याबरोबर चुकाही लिहायच्या आहेत. अशी सेवा देणारे छापखाने आता एकापेक्षा जास्त आहेत. कुणाकडेही जा, विचारायचे प्रश्न तेच राहतात.

आधी निकाल सांगतो. स्मरणिका हातात घेतल्यावर अप्पा दिसतात. बहुतेक स्मरणिकांमध्ये माणूस दिसत नाही, हार घातलेला फोटो दिसतो. हा फरक कागदाने किंवा रंगीत छपाईने पडलेला नाही. या सेवेने लिहायला बसण्याआधी तीन आठवडे नुसतं ऐकलं, त्याने पडला आहे.

छापखान्यांकडे तयार मजकुराचा एक साचा असतो. अत्यंत गरिबीत जन्म, अपार कष्ट, शून्यातून विश्व, मनमिळाऊ, हसतमुख, सर्वांचे आधारवड, क्रूर काळाने हिरावून नेले. नाव, गाव आणि तारखा भरल्या की चार पानं तयार. हा साचा कुठल्याही कर्त्या माणसाला बसतो, म्हणून तो कुणाचाच होत नाही. गंभीर स्वभावाचा माणूस असला तर त्यातून थोडाफार तरी उरतो. अप्पांसारखा गमत्या माणूस मात्र साच्यात पूर्णच हरवतो, कारण ‘हसतमुख’ या शब्दात हसण्याचं कारण नसतं. पहिल्या प्रुफात या सेवेनेही हाच साचा वापरला होता. थोरल्या मुलीने ती चार पानं आडवी रेघ मारून परत पाठवली. ती रेघ मारली गेली म्हणून पुढचं सगळं झालं. ज्यांना अशी स्मरणिका करायची आहे त्यांनी पहिल्या बैठकीतच सांगावं की साच्यातलं एक वाक्यही नको.

मुलाखतींची पद्धत या सेवेची खरी कमाई आहे. ‘ते कसे होते?’ असा प्रश्न विचारला की समोरचा माणूस साचाच म्हणून दाखवतो : फार चांगले होते, देवमाणूस होते. इथे प्रश्न हाताला लागतील असे होते. सकाळी हॉटेल उघडल्यावर पहिलं काम कोणतं? कोणाला कोणत्या नावाने हाक मारायचे? पैसे मोजताना काय बोलायचे? राग आला की काय करायचे? पंगतीत कुठे बसायचे? खिशात काय असायचं? शेवटच्या प्रश्नाला तीन निरनिराळ्या माणसांनी एकच उत्तर दिलं : लिमलेटच्या गोळ्या. गिऱ्हाइकाच्या पोराने ठेचा चाखून डोळ्यांत पाणी आणलं की अप्पा गल्ल्यावरून उठून त्याच्या हातावर गोळी ठेवायचे आणि बापाकडे बघून म्हणायचे, बिलात धरली नाही. हे वाक्य स्मरणिकेत आलंय आणि ‘हसतमुख’ हा शब्द कुठेही आलेला नाही.

कोणाला कुठे बसवून विचारायचं, यालाही महत्त्व आहे. बाईंना, म्हणजे अप्पांच्या पत्नीला, ओट्यावर चार माणसांत विचारलं तेव्हा त्या दोन वाक्यांत थांबल्या. दुसऱ्या वेळी स्वयंपाकघरात, कांद्याची पात निवडताना, धाकट्या सुनेने फोन ताटाच्या कडेला ठेवून रेकॉर्डिंग लावलं तेव्हा त्या ४० मिनिटं बोलल्या. कामगारांना मालकाच्या मुलांसमोर विचारू नये. भट्टीवरच्या दोघांना हॉटेल बंद झाल्यावर विचारलं, म्हणून भट्टीचे किस्से आले. भावांना एकत्र बसवावं, कारण एकाचं चुकलं की दुसरा लगेच दुरुस्त करतो. आणि प्रत्येक मुलाखत त्याच दिवशी कागदावर उतरवावी. आठवडाभराने ऐकताना अर्धे संदर्भ लागत नाहीत. ‘तो’ म्हणजे कोण, हेच कळत नाही. खानदेशाला हे शिकवायला नको. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरोट्यावर, म्हणजे जात्यावर सुचलेलं त्यांच्या घरातल्यांनी, मुलगा सोपानदेवांनी, वेळच्या वेळी उतरवून ठेवलं, म्हणून त्या १९५१ साली गेल्यावर दुसऱ्या वर्षी ते छापून येऊ शकलं.

या मुलाखतींतून बाहेर आलेले अप्पा हे असे. ऑर्डरच्या चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव न लिहिता खूण लिहायचे : ‘दोन मफलर’, ‘भांडण मिटलेले’, ‘जावई पहिल्यांदा’. वेटर त्या चिठ्ठीवरून बरोबर टेबल शोधायचा. पहिल्यांदा आलेल्या जावयाच्या ताटात भरताबरोबर न सांगता गुळाचा खडा यायचा, सासऱ्याच्या ताटात नाही. खानदेशातल्या कानबाई देवीच्या मिरवणुकीत ते सगळ्यांत पुढे नाचायचे, आणि दुसऱ्या दिवशी पाय सुजले की गल्ल्याखाली गरम पाण्याची बादली ठेवून त्यात पाय सोडून बसायचे. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीन दिवस हॉटेल बंद. भर उन्हाळ्यात, लग्नसराईच्या ऑर्डरी सोडून. मुली माहेरी येणार म्हणून अंगणातल्या निंबाला झोका ते स्वतः बांधायचे. झोक्याच्या दोराला आधी स्वतः लटकून बघायचे, मग गहू भरलेलं पोतं बसवून बघायचे, आणि मगच नातीला बसू द्यायचे. हा मजकूर ३१ व्या पानावर आहे. त्याच्याशेजारी झोक्याच्या गाठीचं रेखाचित्र आहे, फांदीवर गोणपाट गुंडाळून त्यावर दोराचे दोन वेढे. सालीवर दोर घासून तुटू नये म्हणून गोणपाट. घरासाठी जीव टाकणारा माणूस होता, असं कुठेही लिहिलेलं नाही. गोणपाट दिसतं, तेवढं पुरतं.

आता भरताची पानं. अप्पांनी कृती कधी लिहून ठेवली नव्हती. भट्टीवरच्या दोघांना प्रत्यक्ष भरीत करायला लावून, प्रत्येक जिन्नस टाकण्याआधी वजन करून, ती लिहून घेतली आहे. १०० माणसांच्या भरीत-पार्टीला वांगी ३० किलो, कांद्याची पात ५ किलो, लवंगी मिरची दीड किलो, सोललेला लसूण १ किलो, शेंगदाणे २ किलो, कोथिंबीर १२ जुड्या, तेल ३ लिटर. मीठ ३०० ग्रॅमपासून सुरू करून चव बघत वाढवायचं. हळद नाही, लाल तिखट नाही, गरम मसाला नाही.

वांग्याला तेलाचा हात लावून काडीने चार ठिकाणी टोचायचं. टोचलं नाही तर आतली वाफ साल फोडते आणि गर जाळात सांडतो. भाजायला पऱ्हाटीचा जाळ. कपाशीच्या काड्या भरभर पेटतात, साल लवकर करपते आणि धुराचा वास गरात उतरतो. गॅसवर साल एकीकडे जळते आणि देठाजवळचा भाग कच्चा राहतो, म्हणून भाजलं की नाही ते देठाजवळ बोटाने दाबून बघायचं, मधोमध नाही. भाजलेली वांगी झाकून ठेवायची नाहीत. वाफेचं पाणी सुटतं आणि भरीत पातळ होतं. परात थोडी तिरपी ठेवून त्यात पसरायची, म्हणजे सुटलेलं पाणी एका बाजूला निथळतं. साल काढताना वांगं पाण्यात बुडवायचं नाही, बोटं ओली करायची. बडगी लाकडाचीच हवी. लोखंडाच्या भांड्यात वांगं काळं पडतं आणि त्याला लोखंडाची चव येते. मिक्सर लावला की गर चिकट होतो, बी फुटून कडवटपणा येतो. फोडणीत शेंगदाणे आधी, ते तांबूस झाले की लसूण-मिरचीचा जाडसर ठेचा, मग ठेचलेलं वांगं, आणि ते फक्त गरम होईपर्यंत हलवायचं. निम्मी पात फोडणीत, निम्मी कच्ची वरून. बरोबर कळण्याची भाकरी : चार भाग ज्वारी, एक भाग सालीसकट उडीद, मीठ घालून एकत्रच दळायचं.

या कृतीच्या खाली अप्पांची एक सवय दोन ओळींत आहे. पहिला घास ते कधी स्वतः घ्यायचे नाहीत. घरात सगळ्यांत लहान जो असेल त्याच्या तोंडाला बोट लावायचे आणि त्याने तोंड वाकडं केलं तर मिरची बरोबर पडली असं जाहीर करायचे.

स्मरणिकेत माणसाच्या हातचं एखादं काम असं मोजून-मापून यावं, हे आमचं ठाम मत आहे. धंदा कोणताही असो. जिनिंगवाल्याचा कापूस पारखायचा हात असेल, केळीवाल्याची घड उतरवायची वेळ असेल, सराफाची कस बघायची रीत असेल. ते लिहिलं नाही तर माणसाबरोबर जातं.

तारखा आणि नावं तपासण्याचं काम या सेवेने बऱ्यापैकी केलंय. जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांची शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख १ जून असते, कारण नाव घालताना मास्तरांनी ती सोयीने टाकलेली असते. अप्पांचीही तीच होती. घरात मात्र त्यांचा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा सांगतात. स्मरणिकेत दोन्ही दिल्या आहेत आणि कोणती कुठून आली तेही दिलं आहे, हे बरोबर केलं. वडिलांच्या कागदांवर जिल्हा ‘पूर्व खानदेश’ असा होता. मांडणी करणाऱ्याने तो चुकीचा समजून ‘जळगाव’ केला. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ साली झाले, महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली, आणि नंदुरबार धुळ्यातून १९९८ साली वेगळा निघाला. त्यामुळे जुन्या कागदाचा उतारा देताना तेव्हाचं नाव तसंच ठेवून शेजारी आजचं नाव द्यावं. दुसऱ्या प्रुफात हे सुधारलं गेलं.

नावांपुढच्या उपाध्यांची यादी मात्र घरच्या एकाच माणसाने सहीनिशी द्यावी. ‘कै.’ कोणाला लागतं आणि कोणाला नाही, यातली एक चूक आयुष्यभर बोलली जाते. अप्पा हयात असतानाच्या फोटोखाली बाईंच्या नावाआधी ‘सौ.’ ठेवायचं की नाही, हे त्यांनाच विचारून ठरवलं. त्यांनी ठेवायला सांगितलं.

फोटोंच्या बाबतीत या सेवेने सुरुवातीला मोठा घोळ केला. सगळ्या नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर फोटो मागवले. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथे आपोआप दाबला जातो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल उरते. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे असा फोटो सव्वापाच इंचांपर्यंत ठीक, पानभर छापायला सात इंच उंची हवी असेल तर २१०० पिक्सेल पाहिजेत. वर तो फोटो चार ग्रुपांतून फिरून आलेला, म्हणजे त्याहून खराब. मोबाइलवरचे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावेत, किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावेत.

कागदावरच्या फोटोंना अल्बममधून फोनने टिपू नये, प्लास्टिकवर उजेडाची चकाकी येते. अडीच बाय साडेतीन इंचांचा जुना फोटो ६०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केला तर तो दुप्पट आकारात स्वच्छ छापता येतो. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो नखाने उचकटायचा नाही. मागून दात साफ करायचा बारीक दोरा करवतीसारखा फिरवला तर सुटतो, आणि तरीही सुटत नसेल तर आख्खं पान स्कॅन करायचं. दाणेदार कागदावरच्या फोटोला स्कॅनरमध्ये जाळी उमटते. तो खिडकीच्या उजेडात सपाट ठेवून कॅमेऱ्याने काढावा. १९७०-८० च्या दशकांतले रंगीत फोटो लालसर झालेले असतात, कारण त्यातला निळसर रंग आधी उडतो. संगणकावर तो बराचसा परत आणता येतो. पण इथे अतिउत्साहात एका फोटोत अप्पांची त्वचा मेणासारखी गुळगुळीत करून ठेवली होती. गालावरचा भट्टीच्या ठिणगीचा डागही पुसला होता. घरच्यांनी तो डाग परत मागितला, आणि योग्यच केलं.

अहिराणीने सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला. अप्पा मूळचे अंमळनेर तालुक्यातले, घरात अहिराणी. भेटलेल्या प्रत्येकाला त्यांचा पहिला प्रश्न, ‘काय करी ऱ्हायना भो?’ हा प्रश्न स्मरणिकेत नऊ ठिकाणी आहे आणि पहिल्या प्रुफात नऊच्या नऊ ठिकाणी चुकला होता. कारण तांत्रिक आहे. मुलाखती युनिकोडमध्ये टाइप झाल्या. मांडणी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होती, म्हणून मजकूर कन्व्हर्टरमधून काढला. त्या उलटापालटीत ‘ऱ्ह’ फुटतो, कुठे र्ह होतो, कुठे नुसता ह उरतो. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. ‘मन्हा’, ‘तुन्हा’ यांतला न्ह टिकला, पण मुद्रितशोधकाने ते अशुद्ध समजून ‘माझा’, ‘तुझा’ केले. माणसाची बोली शुद्ध करायची नसते.

उपाय सोपा आहे. मांडणी इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडवरच करायला सांगा आणि त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय, चालू आहे का ते विचारा. तो बंद असला तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला दिसते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. जुन्या फॉन्टशिवाय पर्यायच नसेल तर ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘न्ह’, ‘ल्ह’, ‘र्क’, ‘श्र’ असलेल्या २० शब्दांची यादी करून प्रुफात तेवढे शब्द आधी शोधा. आणि बोलीतले उतारे वाचायला बोली बोलणारा माणूस बसवा, वाचताना त्याला मोठ्याने वाचायला सांगा. तिसरं प्रूफ अप्पांच्या धाकट्या भावाने असं वाचलं. आता नवाच्या नव जागा बरोबर आहेत.

पानांचं गणित आधी कळलं असतं तर पैसे वाचले असते. छापखान्याने प्रस्ताव ७२ पानांचा दिला होता. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेली पानं. डेमी या पुस्तकी आकारात एक फर्मा १६ पानांचा, म्हणजे ७२ पानांना साडेचार फर्मे. अर्ध्या फर्म्याला प्लेट आणि मशीनचा खर्च जवळपास पूर्ण फर्म्याइतकाच येतो. ८० पानं केली तर वाढतो तो कागद. ही गोष्ट घरच्यांनी विचारल्यावर सांगितली गेली, ती आपणहून सांगायला हवी होती. वाढलेल्या आठ पानांतच भरताची पानं बसली.

मजकुराला ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) मॅपलिथो हा साधा, न चकाकणारा कागद, फोटोंच्या १६ पानांना १३० जीएसएमचा गुळगुळीत आर्ट पेपर, मुखपृष्ठाला ३०० जीएसएमचं कार्ड आणि मॅट लॅमिनेशन, फर्मे दोऱ्याने शिवलेले. निवड उत्तम आहे. अक्षर १४ पॉइंटचं ठेवलं, म्हणून म्हातारी माणसं चष्मा कपाळावर सरकवूनही वाचतात. नुसत्या गोंदाच्या बांधणीत आर्ट पेपरची पानं काही वर्षांनी सुटायला लागतात, त्यामुळे शिलाईचा आग्रह धरावा. मुखपृष्ठ पूर्ण काळं करायचा आग्रह छापखान्याने धरला होता. काळ्या मॅटवर बोटांचे ठसे उमटतात आणि घडीवर रंग तडकून पांढरी रेघ दिसते. घरच्यांनी वांग्याच्या सालीचा फिकट हिरवा निवडला.

एक चूक मात्र तशीच छापली गेली आहे. ४०-४१ पानांवर पंगतीचा मोठा फोटो दोन पानं मिळून पसरला आहे. अप्पा वाढतायत, समोर ओळीने घर बसलंय, आणि बाई बरोबर मधोमध. पुस्तक बांधल्यावर मधला जवळजवळ सेंटिमीटरभर भाग घडीत गेला आणि बाईंचा अर्धा चेहरा त्यात गेला. पडद्यावर पान बघताना घडी दिसत नाही, म्हणून हे कोणाच्या लक्षात आलं नाही. दोन पानांवर फोटो पसरायचा असेल तर मध्यावर भिंत, खांब, मोकळी जागा यावी अशी फ्रेम सरकवावी, आणि छापण्याआधी कागदाची खोटी प्रत दुमडून-टाचून हातात घेऊन बघावी. या सेवेने खोटी प्रत दिली नाही. शंभर रुपयांच्या आतलं हे काम होतं.

वंशावळीबद्दल थोडक्यात. छापखान्याच्या तयार आकृतीत फक्त मुलगे आणि त्यांचे मुलगे होते. अप्पांच्या तिन्ही मुली, जावई आणि नाती त्यात कुठेच नव्हत्या. घरच्यांनी आकृती नव्याने काढून घेतली. त्याचे वेगळे पैसे लावले गेले, जे लावायला नको होते.

६३ व्या पानावर क्यूआर कोड आहे. स्कॅन केला की अप्पांचा ११ सेकंदांचा आवाज ऐकू येतो. वांगीवाल्याला पाठवलेला साधा व्हॉइस मेसेज आहे, उद्या दोन पोती पाठव, आणि मागच्या वेळेसारखी दगडं पाठवलीस तर तुलाच भाजीन, असं म्हणून स्वतःच हसतात. पूर्ण स्मरणिकेत लोक सगळ्यांत जास्त वेळा हेच पान उघडतात. इथे तांत्रिक काळजी घ्यायला हवी. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज ओपस प्रकारात असतो, तो एमपी३ करून घ्यावा. कोड फुकटच्या डायनॅमिक सेवेवर, म्हणजे त्या सेवेच्या पत्त्यावरून पुढे नेणारा, बनवला असेल तर मुदत संपल्यावर तो मरतो. थेट पत्ता असलेला स्टॅटिक कोड मागावा. फाइल छापखान्याच्या खात्यावर न ठेवता घरच्यांच्या खात्यावर ठेवावी आणि लिंक असलेल्या कोणालाही उघडेल अशी परवानगी द्यावी. कोडचा आकार २ सेंटिमीटरपेक्षा कमी नको, भोवती पांढरी जागा हवी. आधी तो आर्ट पेपरवरच्या गडद फोटोवर टाकला होता, उचलतच नव्हता. मॅपलिथोवर, पांढऱ्या जागेत आणला तेव्हा साध्या फोनवरही उघडला. आणि कोड कधी ना कधी बंद पडेल हे धरून, ते वाक्य खाली अक्षरांतही छापलं आहे.

शोकसंदेश आणि पुढाऱ्यांची पत्रं शेवटी चार पानांत, बारीक अक्षरात आवरली आहेत. बऱ्याच स्मरणिकांत त्यांनीच निम्मी जागा खाल्लेली असते. जाहिरात एकही नाही.

वेळापत्रकाबद्दल. गंधमुक्तीला वाटायची म्हणून दहा-बारा दिवसांत स्मरणिका मागू नका, त्यात साचाच मिळतो. मुलाखतींना तीन आठवडे, लेखनाला चार, मांडणी आणि तीन प्रुफांना तीन, छपाई-बांधणीला दोन. फोटो या काळात शेजारी चालू राहतात. म्हणजे तीन महिने. वर्षश्राद्ध धरून मागे मोजा, आणि दिवाळीआधीचे दोन महिने व लग्नसराई टाळा. तेव्हा छापखाने अंक, कॅलेंडरं आणि पत्रिकांत बुडालेले असतात. दर कागदाच्या भावाप्रमाणे हलतात, म्हणून आकडा देत नाही. कोटेशनमध्ये लेखन, स्कॅनिंग, मांडणी, प्रुफं, प्लेट, कागद, बांधणी वेगवेगळं लिहून मागा. प्रती माणसांच्या संख्येवर मोजू नका, घरांच्या संख्येवर मोजा आणि वर दहा टक्के ठेवा. दोन-तीनशेपर्यंत डिजिटल परवडतं, त्यापुढे ऑफसेट. काम संपल्यावर छपाईची पीडीएफ, मांडणीची मूळ फाइल आणि स्कॅन केलेले सगळे फोटो पेन ड्राइव्हवर घ्या. इथे पीडीएफ मिळाली, मूळ फाइल मागूनही दोन महिने लागले.

राहिली शेवटची दोन पानं, ७९ आणि ८०. ती कोरी ठेवली आहेत, फिकट रेघा आखून, अप्पांची आठवण लिहायला. ही सूचना छापखान्याच्या मांडणीकाराची, आणि ती पानं मुद्दाम मॅपलिथोवर ठेवायचं डोकंही त्याचंच. आर्ट पेपरवर शाई पसरते, जेल पेनचं अक्षर बोट लागलं की पुसतं. वर्षश्राद्धाच्या दिवशी दाराजवळच्या टेबलावर एक प्रत आणि दोरीला बांधलेलं साधं बॉलपेन ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत दोन्ही पानं भरली, मग लोकांनी मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला लिहिलं. भट्टीवरच्या थोरल्या आचाऱ्याने, मोठ्या, वाकड्या अक्षरात, फक्त दोन शब्द लिहिले आहेत आणि त्याखाली रेघ मारली आहे : ‘दोन मफलर’.